शाळूची सुगी आणि उंदरांची बातमी

यंदा शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, काढणी आठवडाभर लवकर सुरू झाली. उंब्रजच्या पुढे हमरस्ता सोडून आमच्या गावाकडे वळलं की आधी वास येतो. वाळलेल्या धाटांचा, कोरडा, धुळकट, आणि त्याच्या तळाशी कणसांचा किंचित गोड वास. वर्षातून तीनेक आठवडे तो असतो, मग मळणी होते आणि जातो. मी सांगलीत राहतो. नोकरी संपली आहे. सुगीला गावी जायची सवय मात्र सुटलेली नाही.

हेळवी यंदा मोटारसायकलवर आला. पूर्वी येणाऱ्या हेळव्याचा हा मुलगा. सुगीच्या सुमारास हे लोक कर्नाटकाच्या हद्दीकडून येतात आणि शेतकऱ्यांच्या घरापुढे बसून त्या घराच्या पिढ्या सांगतात: मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, त्यांतला कोण कुठे गेला. मोबदल्यात ज्वारी घेतात. बाप बैलावर बसून यायचा आणि बरंचसं तोंडपाठ म्हणायचा. मुलानं प्लास्टिकच्या पिशवीतून जाड वही काढली, चष्मा लावला आणि वाचलं. मी ओट्यावर बसून ऐकलं. ऐकताना नव्वदच्या दशकाच्या उतरणीची एक सुगी आठवत राहिली. ती इथे लिहून ठेवतो.

त्या सुगीत वहिनीला नववा महिना लागला होता.

वहिनी म्हणजे वच्छला. ती आमच्या मामाची मुलगी, म्हणून लहानपणी मी तिला वच्छीच म्हणत असे. दादाशी लग्न झालं त्या दिवसापासून वहिनी म्हणू लागलो. ती माझ्या आईला आत्या म्हणायची. लग्नानंतरही आत्याच म्हणत राहिली. आमच्या भागात हे नवं नाही. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क असतो असं म्हणतात आणि बहुतेक वेळा ते चेष्टेतच म्हणतात. आमच्या घरी मात्र चेष्टेत ठरलं नाही. त्याला कारण होतं.

आईच्या माहेरी, औंधजवळच्या गावात, सगळ्यांच्या रक्तात साखर असे. थोडीच असे. लठ्ठ कुणी नव्हतं. काटक माणसं, रानात दिवसभर राबणारी. पाय सुजणं, डोळे जाणं यातलं कुणाला काही झालेलं नव्हतं. मामा पन्नाशीत नांगर धरत होता. आईला माझ्या जन्माच्या वेळी सरकारी दवाखान्यात साखर सांगितली होती. नंतर तिनं पंचवीस वर्षं त्या साखरेकडे पाहिलं नाही. दादा फौजेत हवालदार होता. वार्षिक तपासणीत त्याला साखर निघाली, काही महिने हलकी ड्युटी दिली. त्याला स्वतःला काहीच जाणवत नव्हतं. पत्रात त्यानं लिहिलं होतं, "आईच्या माहेरचा शिक्का माझ्यावर पण बसला. चहा फिका पितो. बाकी ठीक."

वच्छीची सोयरीक आधी शिरवळच्या बाजूला जमली होती. मुलगा कारखान्यात होता. सुपारी फुटली होती. मुलाची चुलती नर्स. तिनं सहज म्हणून मुलीची तपासणी सुचवली आणि पंधरा दिवसांनी निरोप आला की मुलाला सध्या लग्न करायचं नाही. गावात कारण कळलं. वीस वर्षांची, सडपातळ, कधी आजारी न पडलेली मुलगी. तिला साखर आहे एवढंच सगळ्यांना कळलं.

महिन्याभरानं मामा आमच्याकडे आला. मी त्या वेळी घरी होतो. मामा ओट्यावर टेकला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि आईला म्हणाला,

"आक्के, बाहेर द्यायची म्हंजे लपवून द्यायची. ते मला जमायचं न्हाई. तुझ्या पोरालाबी हाय, माझ्या पोरीलाबी हाय. कुणी कुणाला फसवलं असं तर व्हणार न्हाई."

आई म्हणाली, "माझ्या भावाची लेक. तिच्यापास्नं लपवायचं ते काय? आणि आमाला कुणाला काय झालंय का आजवर?"

"न्हाई."

"मग?"

मामानं टोपी डोक्यावर घातली. मी चहा पीत होतो. चांगलं झालं, असं मी म्हणालो. तसं वाटलंही. दोन्हीकडे एकच उणं, त्यामुळे कुणाला मान खाली घालायला नको. हा विचार आमच्याकडे कुणाला चुकीचा वाटला नाही. भावकीत मामाचं आणि आईचं कौतुक झालं.

शाळू कापत नाहीत, उपटतात. वाकून दोन्ही हातांनी धाट धरायचं, पायानं रेटा द्यायचा, मुळासकट काढायचं आणि मागे आडवं टाकायचं. जमिनीत भेगा पडलेल्या असतात, त्यातून मुळं सुटताना बारीक आवाज होतो. वीस बायका ओळीनं लागल्या की हा आवाज एकसारखा ऐकू येतो. शेताच्या मधोमध आलं की उंदरांची बिळं लागतात. उंदरांनी कणसं तोडून आत नेलेली असतात, नीट रचून. बायका बीळ उकरून ती काढून घेतात. ही वेचणी मजुरीत धरत नाहीत, जिला सापडलं तिचं.

त्या सुगीत एका बिळात पिल्लं निघाली. पाच-सहा. केस नव्हते, डोळे मिटलेले, गुलाबी. वहिनी बांधावर बसली होती, काम करायचं नाही असं बजावून आईनं तिला आणलं होतं. एका बाईनं पिल्लं विळ्याच्या टोकावर उचलून दाखवली.

"बघा वहिनीसाब, किती झाल्यात ह्येला. माणसाला एक जगवता येत न्हाई."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. बाकीच्या बायकांचे हात थांबले. वहिनी म्हणाली, "ठेव परत. वर ढेकूळ ठेव." बाईनं पिल्लं ठेवली, वर ढेकूळ ठेवलं. मुळं उपटल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

वहिनीची पहिली मुलगी त्याच्या दोन वर्षं आधी, सुगीतच, मामाच्या घरी जन्मली होती. पहिलं बाळंतपण माहेरी. मी त्या दिवसांत तिथे नव्हतो, त्यामुळे पुढचं सगळं ऐकीव आहे. पण वहिनी, मामी आणि सुईण अशा तिघींनी वेगवेगळं सांगूनही ते जुळलं. मुलगी जन्मतः लहान होती, हात-पाय बारीक. सारखी पीत होती. पिऊन झालं की पुन्हा तोंड उघडायची. दुपटी मिनिटामिनिटाला ओली होत. वाळत घातलेल्या दुपट्यांवर मुंग्यांची रांग लागे. सुईण म्हणाली, दुधाचा वास असतो, मुंग्या येणारच. मामीनं दोरीच्या खुंटीला हळद लावली. पाचवी पुजली. सहाव्या दिवशी मुलगी रडायची थांबली, सातव्या दिवशी सकाळी गेली. इतक्या लहान मुलांना जाळत नाहीत. मामाच्या रानात, विहिरीच्या वरच्या बांधाला पुरलं.

ऑफिसात फोन आला तेव्हा मी दुसऱ्या दिवशीच्या अंकाचं पान लावत होतो. सहकाऱ्यानं चिठ्ठी दिली. पान पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं गेलो. मामा दारात उभा होता, म्हणाला, "काय इलाज न्हाई गड्या." वहिनी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून होती. मी बाहेर चहा घेतला. शाळूच्या पेंढ्या अंगणात उभ्या केलेल्या होत्या, ऊन त्यांच्यामधून येत होतं. मला त्या वेळी फार काही वाटलं नाही. नंतर वाटेल असं धरून चाललो होतो.

जन्माची नोंद झाली नव्हती. त्यामुळे मृत्यूचीही करायची गरज पडली नाही.

मी सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. टेलिप्रिंटरवरून वृत्तसंस्थेचा इंग्रजी मजकूर येई, तो फाडून टेबलावर ठेवलेला असे. त्यातून निवडायचं, मराठी करायचं, जागेप्रमाणे कापायचं. आतल्या पानांच्या तळाला चार बोटं, सहा बोटं जागा उरते. तिथे घालण्यासाठी परदेशातल्या विज्ञानाच्या बातम्या सोयीच्या असत. त्या शिळ्या होत नाहीत, कुणी वाचून भांडायला येत नाही.

दुसऱ्या खेपेला वहिनीला आठवा महिना सरत आला असताना, ऑफिसात एक वकील जुनी जाहीर नोटीस शोधायला आला. तारीख त्याला नक्की आठवत नव्हती. बांधीव फायली काढून मी पानं उलटत होतो. आतल्या एका पानाच्या तळाला मला माझाच मथळा दिसला. 'मधुमेही उंदीर तयार करण्यात यश.' मथळ्यात यश घालायची मला सवय होती.

बातमी अकरा ओळींची होती. शास्त्रज्ञांनी उंदरांमधलं एक जनुक निकामी केलं होतं. रक्तातली साखर किती झाली हे शरीराला या जनुकामुळे कळतं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक प्रत निकामी असलेल्या उंदरांना थोडी साखर राहते, पण ते जगतात. माणसांच्या काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालणारा सौम्य मधुमेह याच प्रकारचा असल्यानं या उंदरांचा अभ्यासाला उपयोग होईल. मग शेवटचं वाक्य: 'दोन्ही प्रती निकामी असलेली पिल्ले जन्मानंतर काही दिवसांतच दगावतात.'

बातमीचं शेवटचं वाक्य सहसा जागेसाठी कापलं जातं. त्या दिवशी पानात दोन ओळी कमी पडत होत्या, म्हणून ते राहिलं. हे मला आठवलं. वाक्य लिहिताना काय वाटलं होतं ते आठवलं नाही. बहुधा काहीच वाटलं नसावं. दगावतात हा शब्द आम्ही जनावरांसाठी वापरायचो आणि साथीत माणसांसाठीही.

मी पानाच्या माथ्यावरची तारीख पाहिली. पुन्हा पाहिली. बातमी पहिल्या मुलीच्या जन्माच्या तीन महिने आधीची होती. त्या वेळी मला दादाची साखर माहीत होती, वच्छीची माहीत होती, आईची आणि मामाची माहीत होती, लग्न कसं ठरलं तेही माहीत होतं. सगळी माहिती एकाच माणसाकडे होती, आणि त्यानं ती अकरा ओळींत बसवली होती.

वकिलाला नोटीस दुसऱ्या फाइलमध्ये सापडली. त्या तारखेचे जादा अंक गठ्ठ्यात होते, त्यातून मी कात्रण कापून घेतलं. एकाच कॉलमाच्या कात्रणावर तारीख येत नाही.

मिरजेला एक डॉक्टर बाई होत्या, साखरेच्या आजाराच्या. आमच्या पुरवणीत कधीमधी लिहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कात्रण वाचलं, पालथं करून मागची जाहिरातही पाहिली.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"भाषांतर केलंय."

"मूळ कागद?"

"तो रद्दीत जातो."

त्यांनी कात्रण टेबलावर ठेवलं. "हे उंदरांचं आहे. माणसात असं होतं हे कुणी लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही. होतच नसेल असंही म्हणणार नाही. आता सांगा, घरात कुणाकुणाला आहे."

मी सांगत गेलो, त्या कागदावर काढत गेल्या. पुरुष चौकोन, बाई गोल. ज्याला साखर तो आतून काळा. मामा काळा, आई काळी. दादा काळा, वच्छी काळी. दादा आणि वच्छी यांच्यामध्ये त्यांनी आडवी रेघ काढली, खाली एक लहान गोल काढला आणि त्यावर तिरकी रेघ मारली.

"हिचं नाव?"

"ठेवलं नव्हतं. बारसं बाराव्या दिवशी असतं."

त्यांनी नावाची जागा मोकळी सोडली. मग पेन्सिलीनं तीन शक्यता सांगितल्या. मुलाला एकही बिघडलेली प्रत आली नाही तर प्रश्न नाही. एक आली तर आईबापासारखंच. दोन्ही आल्या तर... त्यांनी कात्रणावर बोट ठेवलं. "बाळंतपण मिरजेत करा. जन्मल्याबरोबर टाचेतून एक थेंब रक्त घेऊ. साखर खूप वर असेल तर इन्सुलिन देता येईल. तेवढं बघायला उंदरांची गरज नाही. आणि हो, तुमच्या आईच्या आईला होती का बापाला, तेवढं घरी विचारून या."

म्हणून त्या सुगीत मी चार दिवसांची रजा काढून गावी गेलो होतो.

हेळवी आला तो माझ्या रजेचा दुसरा दिवस. सकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं. बैल दारापुढे उभा, म्हातारा त्याच्या पाठीवरून उतरलेला. डोळे मिटून त्यानं सुरुवात केली. बायका पदर सावरून बसल्या. अमक्याचा तमका, तमक्याला तीन, थोरला देवाला गेला, मधला पलटणीत गेला, धाकट्याचे दोन. आवाज खालच्या पट्टीत, मध्ये कानडी हेल. सात पिढ्यांनी तो आजोबांवर आला, मग वडिलांवर, मग दादावर.

"हवालदारास्नी मुलगं किती?"

"न्हाई अजून," आई म्हणाली.

हेळव्यानं मान हलवली आणि माझ्याकडे वळला. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती तशीच उभी राहिली.

मी वही घेऊन बसलो होतो. विचारलं, "मुली सांगत नाही का तुम्ही?"

"मुली परघरच्या, सायेब. त्यांचं तिकडं."

"तिकडं सांगतात?"

"तिकडंबी मुलगंच," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला. बाकीचेही हसले.

सात पिढ्यांत आमच्या घरात साखर कुठे दिसत नव्हती आणि दिसणारही नव्हती. ती आईबरोबर आली होती, आणि आईचं नाव त्या सात पिढ्यांत नव्हतं. मी वही मिटली.

परदेशातल्या त्या उंदरांबद्दल मी नंतर जमेल तेवढं वाचलं. पिंजऱ्यावर कार्ड असतं. त्यावर उंदराचा नंबर, जन्मतारीख, बापाचा नंबर, आईचा नंबर. ओळखू यावं म्हणून कानाला खाच पाडतात. कोणत्या कानाला, किती, यावरून नंबर कळतो. पिल्लाच्या शेपटीचं टोक घेऊन त्याच्यात कोणत्या प्रती आहेत ते पाहतात. मेलेलं पिल्लूही नोंदतात, कोणत्या दिवशी, किती वजनाचं. मादी आणि नर सारखेच नोंदतात, कारण एकाची नोंद राहिली तर सगळी मेहनत वाया जाते. दोन आजारी उंदीर एका पिंजऱ्यात ठेवतात ते मुद्दाम, काय जन्मतं ते पाहायला. आमच्याकडे ते मायेनं झालं, आणि जन्मलं त्याची नोंद मुंग्यांखेरीज कुणी घेतली नाही.

त्या उंदरांना आजार देणाऱ्यांविषयी मला राग नाही. आभारही मानावेसे वाटत नाहीत. आज डॉक्टरांच्या पुस्तकांत हे माणसांबद्दलही लिहिलेलं आहे. अशी मुलं जन्मतात आणि पहिल्या दिवसापासून इन्सुलिन मिळालं तर जगतात. त्या सुगीत हे फक्त उंदरांबद्दल माहीत होतं.

हेळवी ज्वारी घेऊन गेल्यावर मी आईला तिच्या आईबापाबद्दल विचारलं. ती निवडत होती, सूप थांबवलं नाही.

"माझ्या आईला हुती. आईच्या दोन भैणींना हुती. एकीच्या पोराला हाय, तो मुंबईला असतो. मावशीच्या नातीला निघाली परवा."

"हे आधी कधी सांगितलं नाहीस."

"कवा कुणी इचारलं?"

तिच्या डोक्यात सगळं होतं, चार पिढ्यांचं, मुलींसकट. मी चौकोन आणि गोल काढत गेलो. मग मिरजेचं सांगितलं. बाळंतपण उंब्रजला ओळखीच्या दवाखान्यात करायचं ठरलेलं होतं. आईनं सूप खाली ठेवलं.

"मिरजेला? इतक्या लांब? काय म्हणून?"

मी कात्रणाबद्दल सांगितलं. जेवढं सांगता येईल तेवढं, सोपं करून. ती ऐकत राहिली.

"उंदराचं आन माणसाचं एकच व्हय रं? पेपरात असल्यावानी डोकं झालंय तुझं. आमी सगळी जगलो ती काय उंदरं बघून?"

"आई, तुम्हा सगळ्यांना एकाच बाजूनं आलीय. हिच्या पोराला दोन्ही बाजूंनी येऊ शकते."

आईनं खाली ठेवलेल्या सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "म्हंजे आमी लगीन केलं ते चुकलं म्हण की."

खरं उत्तर हो असं होतं, आणि ते कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

वहिनी चुलीपाशी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. भाकरी परतून ती म्हणाली, "मी जाते मिरजेला. कुणाला यावं वाटलं तर यावं." आईकडे न पाहता म्हणाली. एवढं बोलून तिनं दुसरा उंडा हातावर घेतला. आईनं सूप पुन्हा उचललं. संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि विचारलं, "दवाखान्यात चूल मांडू देत्यात का रं?" म्हणजे ती येणार होती.

दादाला रजा मिळाली नाही. त्यानं युनिटमधून फोन केला, गावातल्या एसटीडी बूथवर. वहिनी बोलली. मी काचेबाहेर होतो. ती बहुतेक हो आणि नाही एवढंच बोलत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हणत्यात, भावजी सांगतील तसं कर."

मुलगा फाल्गुनात झाला. सुगी सरत आली होती, मिरजेच्या रस्त्यावर कडब्यानं भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या दिसत होत्या. जन्मानंतर तासाभरानं टाचेला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला, यंत्रात घातला. मी दाराच्या काचेतून पाहत होतो. नर्सनं आकडा कागदावर लिहिला. तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. मला बातम्या लिहिताना पाहून लोकही असंच म्हणत असतील. तीन दिवस, दिवसातून चार वेळा हे चाललं. आई बाहेर बाकावर बसून असे. वाळत घातलेल्या दुपट्यांपाशी ती तासातासाला जाऊन उभी राही, वाकून पाही, परत येई. काय पाहतेस असं मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाई खाटेपाशी आल्या. कागद हातात होता.

"घरातल्यासारखंच आहे. थोडी जास्त, तुमच्याइतकीच. एकच प्रत आलीय असं दिसतंय. औषध नको. घरी न्या."

आईनं हात जोडले, डॉक्टरांना की भिंतीला ते कळलं नाही. वहिनी मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "म्हंजे ह्याला इथं आणलं नसतं तरी चाललं असतं?"

"चाललं असतं."

"आन तिला?"

डॉक्टर बाईंनी कागदाची घडी घातली. "माहीत नाही. त्या वेळी थेंब बघितला असता तर कळलं असतं. कदाचित वाचली असती."

"एक थेंब," वहिनी म्हणाली.

"हो."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. आई खाली रिक्षा बघायला गेली. मी पिशव्या भरत होतो: दुपटी, फडक्यात बांधलेल्या भाकरी, तांब्या. खिडकीतून ऊन खाटेच्या लोखंडी दांडीवर पडलं होतं. बाळ झोपलं होतं, टाचेवर सुयांचे बारीक लाल ठिपके होते. वहिनीनं पदराच्या टोकानं ती टाच पुसली. पुसण्यासारखं काही नव्हतं.

"भावजी, ती उंदरांची बातमी कवा आलती?"

मी पिशवीचा बंद बांधला. नोकरीत इतकी वर्षं तारखा तपासण्यात गेली होती. दुसरी कोणतीही तारीख सांगता आली असती आणि तिला ती तपासता आली नसती.

मी खरी तारीख सांगितली. पहिल्या वेळची दिवाळी झाल्यावरचा दुसरा शनिवार.

तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एकदा चुकलं, पुन्हा मोजलं.

"म्हंजे दुसऱ्या दिवशी माझं डोहाळजेवण हुतं," ती म्हणाली. "तुमी आलता."

"हो."

"जेवून लगीच गेलता. पेपरचं काम हाय म्हणून."

"हो."

तिनं मुलाला उचललं, खांद्यावर घेतलं, मग दुसऱ्या खांद्यावर घेतलं. चपला पायानं चाचपून घातल्या.

"तेवढी पिशवी घ्या," ती म्हणाली. "आत्या खाली उनात उभ्या असतील."